परत न आलेली छत्तीस पत्रं

बुधवार, ४ मार्च

प्रिय बारके,

पाकीट उघडलंस, म्हणजे अक्षर ओळखलंस. बाबांचं असतं तर उघडलं नसतंस. त्यांची दोन पाकिटं जशीच्या तशी परत आली होती, वर तुझ्या ठसठशीत अक्षरात 'घेण्यास नकार'. टपालखात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याच्याच खात्याचा शेरा मारून पाठवलास! भांडणात तुझ्यापुढे कधी कुणाचं चाललंच नाही.

पत्ता मावशीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. तीन दिवस ती नाहीच म्हणत होती. चौथ्या दिवशी 'मी दिला असं सांगू नकोस' म्हणून दिला. आणि मी पहिल्याच पानावर सांगून टाकलं. पोटात काही राहत नाही, असं आई मला म्हणायची. तिचा अंदाज चुकला होता, पण ते असू दे.

सहा वर्षांनी लिहितोय, तर आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी. पण मला घाई आहे. काम एवढंच, की तू बाबांना दोन ओळी लिही. 'पत्रं मिळाली. बरी आहे.' याहून जास्त नको. आणि लवकर लिही.

कसली पत्रं, असं तुला वाटेल. ऐक. तू गेलीस त्यानंतर तुला पाठवलेली ती दोन पाकिटं परत आली तेव्हा बाबांनी पेन खाली ठेवलं. दोनदा नकार आला की तिसऱ्यांदा दार वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम. मग एका रविवारी मला म्हणाले, "तिच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाचा तो कॉम्प्युटरवरचा पत्ता होता ना, तू करून दिलेला, त्यावर कसं पाठवतात ते दाखव." मी म्हटलं, "बाबा, तिने तो पत्ता केव्हाच सोडून दिलाय. तिथे कुणी नाही." तरी त्यांनी पाठवलं. मिनिटभरात परत आलं, वर एक ओळ: असं नाव अस्तित्वात नाही.

मला वाटलं, झालं, खट्टू होतील. ते उलट खूश! म्हणाले, "हे बघ, हा नकार नाही. पत्ता सापडत नाही एवढंच म्हणतोय तो. पत्ता सापडत नाही म्हणून बटवडा बंद करतात का?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला ते तुला लिहितात. पाच वर्षं. मिनिटभरात पत्र परत येतं. ते वाचतात, मान हलवतात, आणि चहा टाकायला उठतात. तुला लिहायला मिळतं आणि तू नाही म्हणत नाहीस, हे त्यांना पुरत होतं.

गेल्या बावीस फेब्रुवारीला पत्र परत आलं नाही.

जेवायची वेळ झाली तरी ते खुर्चीतून उठेनात. मी म्हटलं, "नेट गेलं असेल." त्यांनी स्वतःलाच एक पत्र पाठवून पाहिलं. ते लगेच आलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बारकीने दुकान उघडलं."

तुला माहीत आहे, शेवटची नऊ वर्षं ते ज्या विभागात होते तिथे मालक न सापडलेली पत्रं यायची. तिथे त्यांनी एकच गोष्ट गिरवली: जे परत येत नाही ते पोचलं. आता ते रोज लिहितात. रविवारपर्यंत थांबवत नाही म्हणतात.

तुझं दुकान उघडलेलं नाही, हे मी पहिल्याच दिवशी तपासलं. ते नाव आजही कुणाचं नाही. आमच्या कंपनीत जरा बदल झालाय, त्यामुळे पत्रं परत येत नाहीत. तांत्रिक आहे, तुला कंटाळा येईल. पण हा बदल फार दिवस टिकेल असं वाटत नाही. ज्या दिवशी तो मागे घेतील त्या दिवशी बाबांचं पत्र पुन्हा परत येईल. मग इतके दिवस आपण भिंतीशी बोलत होतो हे त्यांना कळेल. त्याच्या आत तू लिही.

तुझा पुस्तकं दाबायचा शिकंजा खिडकीखाली आहे तिथेच आहे. बाबा त्यात वर्तमानपत्राची कात्रणं सपाट करतात. महिन्यातून एकदा तेल घालतात.

तुझा दादा

गुरुवार, १२ मार्च

प्रिय बारके,

माझं पत्र परत आलं नाही. मीही आता बाबांसारखा पेटीत डोकावायला लागलोय. वाण नाही पण गुण लागला.

उत्तर नाही, तेही ठीक. तू ओठ घट्ट मिटून, एक भुवई वर करून वाचलं असशील आणि मनात म्हणाली असशील, 'जरा बदल झालाय' म्हणजे काय? कुणी केला? मागच्या पत्रात मी ते वाक्य असं लिहिलं जसा काही तो बदल पावसासारखा आपोआप झाला.

मी केला.

आमच्या कंपनीचं काम म्हणजे नावांची वही सांभाळणं. तुझ्या दुकानाच्या पत्त्याला शेवटच्या टिंबानंतर जी शेपटी होती, त्या शेपटीची सगळी नावं आमच्या वहीत. कुणी पत्ता टाकला की त्याचा कॉम्प्युटर आमच्या यंत्रांना विचारतो, हे नाव कुठे राहतं? वहीत असेल तर आम्ही जागा सांगतो. नसेल तर 'असं नाव नाही' म्हणतो. दिवसातून कोट्यवधी वेळा खरं-खरं 'नाही' म्हणणं, हे माझं वीस वर्षांचं काम. लग्न जमवताना हे सांगितलं असतं तर कुणी मुलगी दिली नसती. तशीही दिली नाही म्हणा.

साहेबांच्या डोक्यात आलं, एवढी 'नाही' वाया का घालवायची? लोकांची बोटं घसरतात, एखादं अक्षर राहतं. असा चुकलेला प्रत्येक माणूस आपल्या पानावर आणायचा. वर लिहायचं, 'तुम्हाला हे तर शोधायचं नव्हतं ना?' आणि खाली जाहिराती. गाद्या, चष्मे, केस उगवायचं तेल. म्हणजे आता जगात नसलेलं कुठलंही नाव विचारा, आम्ही 'हो, आहे' म्हणतो आणि आपल्याच दुकानात नेऊन बसवतो. "आपण वाट चुकलेल्यांना मदत करतोय," साहेब म्हणाले. साहेब अशी वाक्यं आरशासमोर म्हणून बघतात असा माझा संशय आहे.

पण त्याच वाटेने पत्रंही येतात. नसलेल्या नावावर पाठवलेलं पत्र पूर्वी पाठवणाऱ्याकडे परत जायचं. आता ते आमच्या दारात येणार. त्याचं काय करायचं, असं साहेबांनी मला विचारलं. परत पाठवायची सोय करता आली असती, पण तिला तीन आठवडे लागले असते आणि पान सोमवारी सुरू करायचं होतं. मी म्हटलं, "घेऊ आणि टाकून देऊ." साहेब म्हणाले, "छान." एका ओळीचं काम होतं. मी ती ओळ लिहिली आणि जेवायला गेलो. बाबांची रविवारची पत्रं त्याच वाटेने जातात हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घरचाच माणूस आपल्या धंद्याचं गिऱ्हाईक असेल असं कुणाला वाटतं?

आता कंपनीत गदारोळ आहे. जगभरचे यंत्रवाले आमच्या नावाने बोटं मोडताहेत. परवा एका विद्यापीठातल्या माणसाचा फोन आला. दोन वेळा त्याने नीट समजावलं की खोट्या नावाने येणारी पत्रं ते आमच्या 'नाही'वरून ओळखायचे आणि अडवायचे, आता सगळीच नावं खरी ठरताहेत. मी कंपनीने लिहून दिलेलं उत्तर वाचून दाखवलं. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "अहो, आम्हाला दुसरं काही नको. तुम्ही फक्त नाही म्हणा हो!" मी पुन्हा तेच उत्तर वाचलं. त्याने फोन आदळला.

काल बैठक झाली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्या माझं काम तपासतात, त्या उभ्या राहून म्हणाल्या, हे मागे घ्या, आपण लोकांशी खोटं बोलतोय. सगळ्यांना वाटलं मी त्यांची री ओढणार, कारण पहिल्या दिवसापासून कुरकुर मीच करत होतो. मी उठलो आणि म्हणालो, ठेवावं. आणखी थोडे दिवस तरी. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्यांना काय सांगू? बाबा हल्ली रोज दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालून दहाला कॉम्प्युटरपुढे बसतात. काय लिहिलं ते संध्याकाळी मला थोडं-थोडं सांगतात. आईच्या साड्यांचं काय करायचं ते तुला विचारलंय. तुझ्या उजव्या अंगठ्याला घडी घालून-घालून पडलेला घट्टा अजून दुखतो का, तेही. तू पाच वर्षांची असताना त्यांच्या खात्याचा शिक्का पळवून शेजाऱ्यांच्या दारावर उमटवला होतास, तेव्हा मारलं, त्याबद्दल माफी मागितलीय. मी या घरात पन्नास वर्षं राहतोय, मला त्यांनी कधी एवढं सांगितलं नाही. मला तुझा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आणखी एक सांगतो. परवा ऑफिसात मी तुझ्या दुकानाचं नाव माझ्या नावावर घ्यायला बसलो होतो. ते मोकळंच आहे. घेतलं की बाबांची पत्रं माझ्याकडे येणार, परत जायचा प्रश्नच नाही. उत्तर काय लिहायचं तेही सुचलं होतं, तुझ्यासारखं तुटक, 'बाबा' नंतर उद्गारचिन्ह. शेवटचं बटण राहिलं होतं. मग लक्षात आलं, उत्तर वाचून ते ज्या चेहऱ्याने माझ्याकडे येतील, त्या चेहऱ्याकडे मला बघता येणार नाही. पडद्यावरची खिडकी बंद केली.

तू लिही ना गं.

तुझा दादा

शनिवार, २१ मार्च

बारके,

ठरलं. नावांच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मोठ्या संस्थेने आमच्या कंपनीला तंबी दिली. साहेबांनी चार दिवस फुशारकी मारली आणि पाचव्या दिवशी शेपूट घातली. सोमवारी, तीस तारखेला, सगळं पूर्ववत करायचं. ओळ ज्याने लिहिली त्यानेच काढायची, म्हणजे मी.

तुझं उत्तर नाही. माझं दुसरं पत्रही परत आलं नाही. म्हणजे तू घेतेस आणि गप्प बसतेस. पण मी अर्धवट सांगून तुझ्याकडून पुरं मागतोय, तर तू तरी काय लिहिशील? आता जे लिहितो ते वाचून हेही पत्र 'घेण्यास नकार' लिहून पाठवलंस तर माझं काही म्हणणं नाही.

त्या समुद्रापलीकडच्या कार्यशाळेचं पत्र बाबांनी दाबलं नव्हतं. मी दाबलं होतं.

आई दवाखान्यात होती. बाबा रात्रंदिवस तिच्या उशाशी. तू दिवसभर तिथे, घरी फक्त अंघोळीपुरती. दार उघडून टपाल घेणारा मी एकटा. जाड पाकीट होतं, निळ्या काठाचं. जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकवणाऱ्या त्या लोकांनी नकार कळवला असता तर पाकीट एवढं जाड नसतं, हे मला हातात धरल्याबरोबर कळलं. दोन वर्षांची जागा. तू त्यासाठी तीन वर्षं नमुने बांधून पाठवत होतीस. एकदा डिंकात बोटं घेऊन झोपली होतीस, उशीला चिकटलीस, मी कोमट पाण्याने सोडवलं होतं.

मला भीती वाटली गं. आई अशी, बाबा खचलेले, आणि तू निघून जाणार. सगळं माझ्या गळ्यात पडेल, आणि घरात बोलायला कुणी उरणार नाही. मी ठरवलं, आठ दिवस ठेवू. आई घरी आली की हसत-हसत देऊ. पाकीट मी उघडलं नाही. त्या वेळी त्यातच मला मोठा प्रामाणिकपणा वाटला होता.

आई घरी आली नाही. नंतर त्या दिवसांत ते पाकीट काढून तुझ्या हातात द्यायचं धैर्य झालं नाही. कळवायची मुदत पंधरा दिवसांची होती, तीही गेली. मग मी ते बाबांच्या जुन्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी सरकवलं. त्या पेटीला कुणी हात लावत नाही म्हणून. आईचा फोटो शोधायला तू हात लावलास.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू तेव्हा बाबांकडे बघत होतीस, मी सगळं बघत होतो. "तुम्ही? टपालातल्या माणसाने?" असं तू म्हणालीस. बाबांनी पाकीट घेतलं. उलटसुलट केलं. शिक्का वाचायला हात लांब धरला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ताटं मांडत होतो, एक ताट हातातच राहिलं. आणि ते तुला म्हणाले, "हो. राहून गेलं माझ्याकडून."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. आठ दिवसांनी तू बॅग उचललीस तेव्हाही ते वाक्य माझ्या तोंडात होतं. ते का कबूल झाले ते मी कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की मलाच तसं वाटतं, चोराच्या मनात चांदणं, देव जाणे. आम्ही दोघं सहा वर्षं एका घरात अळीमिळी गुपचिळी करून राहतोय.

तर असा मी. एक पत्र दाबून पचलं, म्हणून लाखो पत्रं टाकून द्यायची ओळ लिहून मी जेवायला गेलो.

बाबांना लिही, असं सांगायचा हक्क मला उरला नाही. तू चुकीच्या माणसाला नकार दिलास, एवढंच तुला कळावं. तुझी खूप आठवण येते. दारावर कुणी दोनदा टकटक केलं की मी अजून तुझं नाव घेऊन उठतो.

दादा

मंगळवार, ३१ मार्च

बारके,

काल सकाळी आठला ओळ काढली. शेजारच्या बाई मागे उभ्या होत्या. माझ्या टेबलावर चहा ठेवून गेल्या. बाबा दहाला बसतात, त्याआधी घरी पोचून त्यांना सांगायचं असं ठरवलं होतं. वाक्यंही जुळवली होती.

पावणेदहाला दार उघडलं तर बाबा खुर्चीत. काल त्यांनी लवकर लिहायला घेतलं होतं. पत्र परत येऊन पडद्यावर उघडं होतं.

"परत आलं रे," ते म्हणाले. "दुकान बंद केलं की काय तिने? बरी असेल ना?"

बघ, त्यांच्या मनात पहिलं काय आलं ते. माझी जुळवलेली वाक्यं गेली कुठल्या कुठे. उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. दुकान उघडलंच नव्हतं. आमच्या कंपनीचं पान. माझी ओळ.

ते शांतपणे ऐकत होते. मग टपालातले झाले.

"किती दिवस चाललं हे?"

"सहा आठवडे."

"माझी छत्तीस पत्रं. ती कुठे आहेत?"

"नाहीत बाबा. टाकून दिली."

"टाकून म्हणजे? कुठे? आमच्याकडे खोली होती. मालक सापडला नाही तर वर्षभर पत्र ठेवायचो. शपथ घेतलेला माणूसच उघडायचा, तोही आत कुठे पत्ता सापडतो का ते बघायला. मजकूर वाचायचा नाही. तुमच्याकडे खोली नाही?"

"नाही."

"माझ्या निदान प्रती आहेत या डब्यात. बाकीच्यांच्या? कुणी नोकरीचं लिहिलं असेल, कुणी आजारपणाचं. एक अक्षर चुकलं असेल बिचाऱ्याचं. पूर्वी परत आलं असतं, त्याने बघितलं असतं, सुधारून पाठवलं असतं. आता तो उत्तराची वाट बघत बसला असेल. माझ्यासारखा." त्यांचा आवाज चढला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "अरे, नाही म्हणणं सोपं नसतं. लोकांच्या दारात जाऊन 'तुमचं पत्र पोचलं नाही' सांगायला लागायचं. पण आम्ही सांगायचो. त्याचाच पगार होता."

मी मान खाली घालून उभा. पन्नाशीचा घोडा.

मग मी विचारलं, सहा वर्षं न विचारलेलं. "बाबा, बारकीचं ते पत्र मी दाबलं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"शिक्का सतरा तारखेचा होता," ते म्हणाले. "सतरा ते चोवीस मी दवाखान्यातून हललो नव्हतो. टपाल कोण घेत होतं?"

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलं?"

त्यांनी चष्मा काढला. "तुझी आई गेलेली. मी किती दिवसांचा? तिला वाटलं, बापाने केलं, तर बाप जाईल, भाऊ राहील. भावाने केलं असं कळलं असतं, तर माझ्यामागे तिला कोण होतं?" आणि मग हळूच म्हणाले, "मला काय माहीत, तू तिला सहा वर्षं एक पत्र लिहिणार नाहीस ते."

बारके, मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. नळ सोडून. पाणी फुकट गेलं.

बाहेर आलो तर ते टेबल पुसत होते. "तुला तिचा पत्ता माहीत आहे?" मी हो म्हटलं. तुला तीन पत्रं लिहिली, खरं काय ते तिसऱ्यात लिहिलं, तेही सांगितलं. "तिसरं परत आलं?" "नाही अजून." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"तिने नकार दिला तो पत्र दाबणाऱ्या माणसाला," ते म्हणाले. "तो मी नव्हे, हे तिला आता कळलंय. म्हणजे पहिले दोन नकार बाद. आता तिला नव्याने ठरवू दे."

छत्तीस पत्रं ते हाताने उतरवताहेत. मी म्हटलं छापून आणतो, तर म्हणाले, छापील पत्र म्हणजे नोटीस. आत्ता अकरावं चाललंय. पाकिटाच्या पाठीवर परतीचा पत्ता आधीच लिहून ठेवलाय, ठळक. मी म्हटलं, "बाबा, तो नका लिहू. नसला तर तिला परत पाठवताच येणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी साहेबांच्याच जातीचा आहे हे मला कळलं.

"तिला नाही म्हणता आलं पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर तिच्या 'हो'ला काय अर्थ?"

दादा

गुरुवार, २३ एप्रिल

प्रिय बारके,

तुझ्याकडे जाड पाकीट आलं असेल. सहा एप्रिलला बाबांनी ते स्वतः नेऊन टाकलं. पेटीत नाही, खिडकीवर, वजन करून. खिडकीवरच्या मुलीने तिकीट वाकडं लावलं म्हणून तिला दोन शब्द सुनावले.

त्यानंतर त्यांनी मला हिशेब समजावला. जायला चार दिवस. घेतलं नाही तर तिथल्या कार्यालयात सात दिवस पडून राहणार. परत यायला पाच. एकूण सोळा. "सोळाव्या दिवसाच्या टपालात नसलं तर मग ते येत नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांचा अनुभव आहे."

हे सोळा दिवस कसे गेले म्हणून सांगू? बाबा लिहीत नाहीत. म्हणतात, एका पत्राचा निकाल लागल्याशिवाय दुसरं टाकू नये. कॉम्प्युटरवर धूळ आहे. दुपारी टपाल येतं त्या वेळी ते जिन्यात जाऊन उभे राहतात. मी नोकरीत बढती नाकारली आणि पत्रं परत पाठवायच्या यंत्रांवर बदली मागून घेतली. काम कंटाळवाणं आहे. त्या विद्यापीठातल्या माणसाला फोन करून सांगितलं की आता आम्ही नाही म्हणतो. तो म्हणाला, "हो, ऐकलं. बरं वाटलं."

काल सोळावा दिवस. मी रजा टाकली. टपालवाला आला, पेटीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाबा पेटीपाशी गेले, पण किल्ली लागेना. मी घेतली आणि उघडली. आत एक कागद होता. जाडसर, घडी घातलेला. बाबांनी डोळे मिटले.

गाद्यांची जाहिरात होती. एकावर एक उशी मोफत.

मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे उघडून ती वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पाठपोट. मग पेटीत हात घालून कोपरे चाचपले. आणि हसायला लागले. बारके, आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. वरच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघायला आली. बाबा तिला म्हणाले, "आमच्या मुलीचं पत्र आलं नाही." तिला काही समजलं नाही, ती म्हणाली, "अगं बाई, येईल हो."

आज सकाळी त्यांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. दहाला टेबलाशी बसले आणि कागद पुढे ओढला. सदतिसावं.

मी समोरच बसून हे लिहितोय. आम्हा दोघांचं एकाच पाकिटात घालतो. परतीचा पत्ता पाठीवर आहे.

तुझा दादा